मंगळवारची गोळी

नांदेडमध्ये धंदा करणाऱ्या बायकांना एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी पोचवणं, हे माझं काम. माझ्या वहीत प्रत्येकीचं वेगळं पान आहे. एकीच्या डबीत दर महिन्याला चार-पाच गोळ्या उरायच्या. शेवटी एका मंगळवारी दुपारी तिच्या खोलीवर जाऊन विचारलंच.

"मंगळवारी देवीचा उपास असतो ताई. गोळी कशी खाऊ?"

"आणि गिऱ्हाईक?"

"उपास माझा हाय, त्यांचा थोडाच हाय."

मला हसू आलं, पण काळजीही वाटली. "अगं, रोज घेतली तरच ती तुला जपेल. औषधानं उपास मोडत नाही. मीही मंगळवार धरते आणि बीपीची गोळी घेते."

"माझ्यासाठी खोटं बोलून राहिल्या तुम्ही."

मी पर्समधून माझी दुपारची गोळी काढली. तिनं ती निरखून पाहिली, माठातून दोन पेले पाणी आणलं आणि देवीच्या फोटोकडे वळली. "माय, औषध हाय. रागवू नको."

आम्ही दोघींनी एकदमच गोळ्या गिळल्या. मी निघाले, तर तिनं हात धरला.

"उपाशी कुठं चालल्या? भगर केलीय, खाऊन जा."