कोठीतली जवारी बाहेर का काढली

न्हाई, जवारी विकली न्हाई. अन् किडली बी न्हाई... कोणी विचारलं न्हाई, पण दारातल्या गोण्या बघून गल्ली माना वळवून राह्यली, म्हणून एकदाच लिहितो.

आमची लेक सविता बाळंतपणाला माहेरी आली. भाकरीला जवारी काढताना तिला कोठीत पाऱ्याची टिकडी सापडली. किडे होऊ नयेत म्हणून आमच्याकडं टाकतात, घरची तर दर साली फडक्यात बांधून टाकती.

सविता अडून बसली. "दादा, तपासल्याबिगर मी ही भाकर खाणार न्हाई." मला असली नाटकं पटत न्हाईत. तुझी आई हेच खाऊन म्हातारी झाली म्हणलं... पण दोन जिवाची पोरगी, भांडायचं किती.

जालन्यात जावयाच्या ओळखीच्या एक मॅडम लॅबमधी आहेत. एष्टीनं गेल्तो, डबाभर जवारी घेऊन.

मशीन म्हणजे टेबलावरचं खोकं. बारक्या चमचीत चिमूटभर पीठ आत जातं, तिथं जळतं, पारा असला तर वाफ होऊन निघतो अन् स्क्रीनवर आकडा येतो. डोळ्याला कधी दिसणार न्हाई इतका बारीक पारा बी धरतं म्हणे.

आकडा आला अन् मॅडम उभ्याच राह्यल्या. "काका, हा डबा कशाचा?"

"टिकड्या ठेवायचाच. चांगला पुसून आणला की."

"अहो काका, मंग तुम्ही जवारी कशाला आणली, नुसता डबाच आणायचा!"

पारा मशीनच्या आत बसला होता. तो निघावा म्हणून मॅडम रिकामी चमची आत घालायच्या, बाहेर काढायच्या, परत घालायच्या. चमची रिकामी, तरी आकडा यायचा... पुसलेल्या डब्याचा हा हिशेब, मंग आमच्या कोठीचा काय?

त्यांनी कोरी पिशवी दिली. दुसऱ्या दिवशी कोठीच्या मधून जवारी भरून परत गेलो. आकडा डब्यापेक्षा लई कमी आला... पण आला.

"काका, ही कोणीच खायची न्हाई. जाळू नका, ढोरांना घालू नका. गोण्या बांधून ठेवा, कुठं द्यायच्या ते विचारून सांगते."

सविताच्या पोटातल्या लेकराचं विचारलं. मॅडम म्हणल्या, मशीन जवारीचं सांगतं, लेकराचं डॉक्टरला विचारा. विचारलं. सवितानं घासच खाल्ला न्हाई म्हणून डॉक्टरनं काळजी न्हाई म्हणून सांगितलं. पोरीचा हट्ट कामी आला, हे कबूल.

पण दुसऱ्या खेपेला लॅबमधून निघताना मॅडमनी एक विचारलं होतं. "काका, घरात कोणाचे हात थरथरतात का?" मी पिशवी उचलली अन् स्टँडकडं निघालो.

घरी आलो तर घरची चहा घेऊन आली. दोन साल झाले, तिच्या हातात कपबशी वाजती. आम्ही हसायचो... "आली बघा शाळेची घंटी, चहा आला!" ती बी हसायची. म्हणायची, वय झालं ओ.

त्या दिवशी कोणी हसलं न्हाई. मी जवारीचं सगळं सांगितलं. ती कोठीकडं बघत बसली, मंग एवढंच म्हणली, "माझ्याच हातानं टाकल्या ओ." मी म्हणलं, सारं गाव टाकतंय, तू काय येगळं केलं... अन् कपबशी तिच्या हातातून काढून घेतली.

तुमच्या कोठीत टिकड्या असतील तर काढा. हातानं चोळू नका, लेकरांच्या हाती देऊ नका.

उद्या तिला घेऊन दवाखान्यात चाललो. काय निघंल ते आमच्या दोघांपाशी राहील. फोन करू नका, घरी येऊन विचारू नका. मी सांगणार न्हाई.