चला, आमची खदान दाखवते

रविवारी सकाळी नऊला आमच्या अंगणात अकरा पाहुणे बॅगा भरून निघायच्या तयारीत होते... आणि मला रडू येत होतं.

खर्डीहून रिक्षाने अर्ध्या तासावर आमचं गाव. पूर्वी इथे दगडाची खदान होती, अर्धं गाव तिथे खडी फोडायचं. ती बंद पडल्यावर आम्ही चार घरांनी मिळून पाहुणे ठेवायला सुरुवात केली... तांदळाची भाकरी, शेत, धबधबा.

खदान मात्र मी कुणाला दाखवत नसे. पोखरलेला डोंगर कोण बघणार? आणि खरं सांगते... माझ्या सासूबाईंनी तिथे वीस वर्षं घण मारला, हे सांगायची मला लाज वाटायची.

त्या दिवशी धबधब्याची वाट दरडीने बंद झाली. मग इथे थांबून करायचं काय, म्हणून पाहुणे निघाले. आमचं पहिलंच एवढं मोठं बुकिंग...

तेवढ्यात सासूबाई पदर खोचून पुढे आल्या. "जाता कशाला? चला, तुमाला आमची खदान दाखवते."

"आई, तिथे काय आहे बघायला?" मी हळूच म्हटलं.

"मी हाय ना गो!"

खाली उतरल्यावर त्या बोलतच सुटल्या. सुरुंगाची शिट्टी झाली की कुठे लपायचं, कुठल्या झाडाला लेकराची झोळी बांधायची... ते लेकरू म्हणजे माझा नवरा. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

जिमला जाणाऱ्या एका पाहुण्याने आईंचा जुना घण घेऊन एका धोंड्यावर दहा घाव घातले. टवकाही उडाला नाही. आईंनी धोंडा ठोकून आवाज ऐकला, बोट फिरवलं. "दगडाला शीर असते. ती गावली का जोर नाय लागत." आणि त्यांच्या तिसऱ्या घावाला धोंड्याचे सरळ दोन तुकडे!

टाळ्या, शिट्ट्या... खदान नुसती दणाणली. पाहुणे जेवून, चहा घेऊन संध्याकाळी गेले. कालपर्यंत दोन ग्रुपचे फोन आलेत, दोघांचा प्रश्न एकच... "घण मारणाऱ्या आजी आहेत ना?"

त्या संध्याकाळी मी विचारलं, "आई, हे सगळं कधी सांगितलं नाहीत?"

"तू कदी इचारलंस?"

बारा वर्षं एका घरात राहून विचारलं नव्हतं... आता रोज विचारते. आणि ऐकताना मान ताठ होते माझी.