वाकडा खांब

"किती दिवसांपासून असं दिसतंय?" जालन्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"चार महिने."

"मग चार महिने काय केलंत?"

"कॅमेरा दुरुस्त केला."

मी मूळचा केदारखेड्याचा. सातवीत शाळा सुटली, फोटो स्टुडिओत लागलो. पुढं तीस वर्षं पेपरसाठी फोटो काढले. रिटायर झालो, पण कॅमेरा सुटला नाही. एकदा कॅमेऱ्यातून जालन्यातल्या घरासमोरचा विजेचा खांब मधेच वाकलेला दिसला. काढलेल्या फोटोत मात्र सरळ! वाटलं, भिंग हललं. कॅमेरा मेकॅनिक सलीमनं दोनदा खोलून पाहिला. तिसऱ्यांदा वैतागला, "उस्ताद, कॅमेरा बिलकुल बराबर हाय. आता तुमचा डोळा खोलू का?"

कॅमेऱ्याला मी फक्त उजवा डोळा लावायचो. फोटो दोन्ही डोळ्यांनी बघायचो. डावा चांगला, त्यानं उजव्याचं दुखणं झाकलं.

आजाराचं नाव वेट एएमडी. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग म्हणजे मॅक्युला. माणसाचा चेहरा आपल्याला त्याच्यामुळं नीट दिसतो. उतारवयात काहींना तिथं नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात, त्यांतून पाणी झिरपतं. मला लगेच उमगलं. फिल्म ओली होऊन फुगली!

ओसीटी म्हणजे या पडद्याच्या थरांचा फोटो. "हनुवटी टेकवा, पापणी हलवू नका." आयुष्यभर मी हेच लोकांना सांगितलं. फोटोत सरळ थरांमध्ये वारुळासारखा उंचवटा. भीती विसरून विचारलं, "या मशीनची लेन्स कोणती?"

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "इंजेक्शन लगेच सुरू करा. गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही."

डावा डोळा झाकून बायकोकडं बघितलं. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग.

इंजेक्शनसाठी लेकीनं तिच्याकडं पुण्याला आणलं. महिन्याला एक, अशी तीन इंजेक्शनं, थेट डोळ्यात. थेंब टाकून आधी बधिर करतात, फारसं दुखत नाही. पण मला बाहेर बाकावरच घाम फुटायचा. बायको म्हणायची, "दंगलीत फोटोसाठी पुढं पळत होते, आन् सुईला भिऊन राह्यले?"

सलीम रोज सकाळी जालन्याहून त्या खांबाचा फोटो मोबाईलवर पाठवायचा. मी उजव्या डोळ्यानं बघून कळवायचो, "वाकडाच."

"मंग वायरमनला सांगतो," तो म्हणायचा.

तिसऱ्या इंजेक्शननंतर पंधरा दिवसांनी चहा पिताना सहज डावा डोळा झाकला. बायकोच्या हनुवटीवरचं गोंदण दिसलं. तीन ठिपके. मी पुन्हा मोजले.

"काय बघून राह्यले?" ती म्हणाली.

खांब अजून जरा कललेला दिसतो. असू दे. सलीमचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हीही घरी एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघा. वाकडी दिसली, तर सुताराच्या आधी डॉक्टर गाठा.