सगळ्यांत तू आलास का?

“हा ‘एव्हरीबडी’ कोण आहे? त्याला साक्षीला बोलवा!” नवे गोरे मॅजिस्ट्रेट टेबलावर हात आपटून म्हणाले, अर्थात इंग्रजीत.

मी सोलापूरच्या कचेरीत इंटरप्रिटर होतो. म्हणजे दुभाष्या. साक्षीदार मराठीत नाहीतर कानडीत बोलणार, मी ते साहेबांना इंग्रजीत सांगणार. पदरचं अक्षर घालायचं नाही, ही नोकरीची पहिली अट.

केस म्हशीची होती. सखूबाई ही जवळच्या खेड्यातली विधवा. एका म्हशीच्या दुधावर तिचं घर चाले. पाटलाचा मेहुणा मल्लप्पा याने ती म्हैस सोडून नेली आणि आपलीच म्हणून दावणीला बांधली. आता ती कचेरीच्या आवारात लिंबाखाली रवंथ करत उभी होती. सखूबाईची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

पहिला साक्षीदार म्हणाला, “म्हस सखूबाईची. समद्या गावाला ठावं हाय की.”

आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीत शब्दांच्या जोड्या पुष्कळ. मला त्यांची भारी हौस. मी सांगितलं, ‘वेल नोन’. पुढच्यानेही तेच म्हटलं. त्याला ‘कॉमन नॉलेज’. तिसरा साक्षीदार आवाज खाली आणून तेच बोलला, म्हणून त्याला ‘ओपन सीक्रेट’ दिलं. म्हणजे ठाऊक सगळ्यांना, पण उघड कुणी बोलत नाही असं. शेवटी ‘एव्हरीबडी नोज’वर आलो आणि साहेबांचा पारा चढला.

“हे सगळं हिअरसे आहे!” हिअरसे म्हणजे ऐकीव गोष्ट. कोर्टात तिला किंमत नाही. “ज्याला स्वतःला माहीत आहे असा एकही माणूस नसेल, तर मी केस काढून टाकतो.”

सखूबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण साहेबांचा चेहरा तिला कळला. तिने पदर तोंडाला लावला. आमच्याकडे खेड्यात ‘मी सांगतो’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘मी’ म्हटलं की वैर त्या एकट्याशी. गावाला ठाऊक म्हटलं की माणूस बोललाही आणि सुटलाही. पण हे साहेबांना कोण सांगणार?

मी उठलो. “सर, दोन शब्द माझे बोलू?”

“बोला.”

बोललो. साहेबांना गावाची ही रीत सांगितली. मग पुढच्या साक्षीदाराला, सिद्रामला, त्यांनी एकच प्रश्न टाकला. मी तो मराठीत केला, “त्या सगळ्यांत तू आलास का?”

सिद्राम भडकला. “म्हंजे? मी न्हाय येनार? मला काय वाळीत टाकलंय गावानं?”

“मग तुला काय ठाऊक आहे?”

“अवो, ही म्हस पयल्यांदा व्याली तवा रेडकू आडलं हुतं. सखूबाईच्या गोठ्यात ह्या हातानं वडून काढलं की मी!”

मल्लप्पाने डोळे वटारले, पण उशीर झाला होता. दाराशी थांबलेल्या मघाच्या साक्षीदारांना आपण मागे राहिलो हे सहन होईना. “मी बी आलो की त्यात! वैरन मी दिलीया!” “शिंगं म्या साळली!” त्यांना रांगेत उभं करता करता पट्टेवाल्याला घाम फुटला.

म्हैस सखूबाईला मिळाली. मल्लप्पाला शिक्षा झाली. दावं सोडताना सखूबाई मला म्हणाली, “दादा, सायबाला येवढंच इच्यारायचं हुतं, तर आदीच इच्यारायचं न्हवं?”

तेव्हापासून साक्षीदाराने गाव पुढे केलं की साहेब पहिला प्रश्न तोच विचारत. माझ्या जोड्यांना फारसं काम उरलं नाही.

पुढे साहेबांची बदली ठरली. ऑर्डर अजून बाहेर आली नव्हती, पण पट्टेवाल्याने माझ्या कानात सांगितलं होतं. मला मनापासून वाईट वाटलं. न राहवून त्यांच्याकडे गेलो आणि तसं बोललो.

“तुम्हांला कुणी सांगितलं?”

“इट इज कॉमन नॉलेज, सर.”

साहेबांनी हसू दाबलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, “सगल्यांत तू आलास का?”

दारात पट्टेवाला उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“नाही सर,” मी म्हणालो, “मी गावाबाहेरचा.”