चाचांचे स्पॅनिश हुकूम

आमच्या शेजारच्या चाचांनी आयुष्यात कुणाला काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. ते फक्त हुकूम सोडतात. भिगवणच्या मासळी बाजारात त्यांनी जन्मभर लिलाव पुकारला. तिथं भाव पुकारून झाला की 'उचल', 'ठेव', 'बर्फ टाक' यापलीकडं बोलायची त्यांना गरजच पडली नाही. घरीही तेच. शेळीला 'बस' म्हणतात आणि ती बसली नाही तर चाचींकडं रागानं बघतात. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा आवाज ऐकला की दाराआड जायची.

त्यांचा मुलगा स्पेनमध्ये हॉटेलात स्वयंपाकी आहे. लग्नही त्यानं तिथंच केलं. चार वर्षांची नात पहिल्यांदा इकडं येणार असं ठरलं, तसे चाचा स्पॅनिश शिकायला लागले. "नातीला माझं बोलणं कळलं न्हाय, तर मी आजा कसला?" एवढंच म्हणाले. मुलगा फोनवर शब्द सांगायचा, चाचा ते मराठी अक्षरात वहीत उतरवायचे आणि पाठ म्हणून दाखवताना वही माझ्या हातात द्यायचे. "पोरी, तू हसत न्हाईस. चुकलं की नुसतं बोट वर कर."

शिकले ते अर्थातच फक्त हुकूम. दोर्मिर म्हणजे झोपणं. पण 'झोप' म्हणायचं तर मधला ओ जाऊन उए येतो, दुएर्मे. सेर्रार म्हणजे बंद करणं. 'बंद कर' म्हणजे सिएर्रा. चाचा तिथंच अडखळायचे, मी बोट वर करायची. "हुकूम सोडायचा तर शब्दाला पोटातनं हलवाया लागतं," असं मलाच समजावायचे. कोंबड्या खुराड्यात घालताना 'दुएर्मे', फाटकाकडं बोट करून चाचींना 'सिएर्रा'. चाची म्हणायच्या, "आधी मराठीत तरी गोड बोला. लगीन झाल्यापासनं वाट बघतीय."

नात आली. चाचांनी खुर्ची पुढं केली आणि लिलावाच्या आवाजात म्हणाले, "सिएन्ताते." बस. शब्द अगदी बरोबर होता. पण पोर आईच्या मागं लपली आणि रडायलाच लागली. दोन दिवस ती त्यांच्या जवळ फिरकली नाही. चाचा धड जेवलेही नाहीत.

"शब्द चुकला का गं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"शब्द बरोबर हाय, चाचा," मी खाली बघत म्हणाले. "आवाज बाजारातला हाय."

तिसऱ्या दिवशी ते शेळी आणि तिच्या करडापाशी गप्प बसून होते. नात लांबून बघत होती. मग ती जवळ आली, करडाकडं बोट करून म्हणाली, "मुएस्त्रा." दाखव. चाचांनी करडू उचलून तिच्यापुढं धरलं. ती परत म्हणाली, "मुएस्त्रा." मग अंडी दाखवली, मग विहीर, मग माळ्यावरचं जुनं जाळं. गुडघा धरत धरत त्यांनी सगळं आवार तिला दाखवलं, आणि ती सांगेल ते निमूट ऐकलं.

परत गेल्यापासून ती दर रविवारी व्हिडिओवर फोन करते. पण शाळा सुरू झाल्यापासून एखादा रविवार चुकतो. तरी चाचा त्या वेळेला फोन घेऊन अंगणात उभे असतात, शेळीला शेजारी उभं करून. चाचींनी जेवायला बोलावलं तर हळू आवाजात म्हणतात, "थांब जरा. करडाची शेळी झालीय, तिनं अजून बघितली न्हाय."