दोन काठांचा चहा

रोज सकाळी विहिरीतून पहिली बादली वर आली की आत्या त्यातलं ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, घटकाभर घोळवायची आणि गिळल्यावरच बाकीच्यांना घागरी भरू द्यायची. बायका थट्टेने विचारायच्या, मीठ बरोबर पडलंय ना? तिचं माहेर खाडीच्या पलीकडच्या काठाला. तिथली खारफुटी तोडून कोळंबीची तळी खोदली आणि पाच वर्षांत विहिरी खारट झाल्या. आता तिकडे टँकर आला तर पाणी, नाहीतर नाही.

आत्या शिंपले वेचायची. गुडघाभर चिखलात चाळीस वर्षं गेली. अलीकडच्या काठाची खारफुटीही तोडून गोदामं बांधायचं घाटलं, तेव्हा जंगलाची किंमत काढायला एक तज्ज्ञ आला. चष्मेवाला, भला माणूस. त्याने लाकूड, मध, मासे, खेकडे, शिंपले, सगळं नीट मांडलं. आकडा गोदामांच्या निम्म्यालाही पोचेना. सुनावणी शाळेत होती, आणि त्या आकड्यावर जंगल जाणार हे उघड होतं.

सुनावणीच्या दिवशी आत्या होडीने माहेरी गेली आणि तिथल्या विहिरीचं कळशीभर पाणी घेऊन आली. शाळेच्या पडवीत तिने दोन स्टोव्ह पेटवले. पत्ती तीच, साखर तीच, दूध एकाच पातेल्यातलं; फक्त पाणी दोन काठांचं. पलीकडच्या पाण्यात दूध पडलं आणि फाटलं. तो चहा तिने चोथ्यासकट तज्ज्ञापुढे ठेवला. त्याने भिडेखातर घोट घेतला आणि त्याचं तोंड असं झालं की सुनावणीच्या अध्यक्षबाईंनाही हसू आवरेना.

“साहेब, जंगलातून बाहेर काय येतं ते तुम्ही चोख मोजलंत,” आत्या म्हणाली. “पण जंगल आत काय येऊ देत नाही, ते कुठे लिहिलंय?”

तज्ज्ञाने कागद उलटेपालटे केले. मग कप बाजूला सारून सगळ्यांदेखत सांगितलं, की ते राहूनच गेलं, आणि महिन्याची मुदत मागून घेतली.

तो महिनाभर आत्याने त्याला पलीकडे घरोघर हिंडवलं. टँकरच्या फेऱ्या, वादळात वाहून गेलेला बांध, तो पुन्हा बांधायचा खर्च, सगळं त्याने टिपलं. दुसऱ्या सुनावणीत जंगलाचा आकडा गोदामांच्या तिप्पट निघाला आणि गोदामं माळावर गेली. त्या दिवशी बायकांनी आत्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

पुढच्या वर्षी माहेरच्यांनी ओस पडलेल्या तळ्यांचे बांध फोडून भरतीचं पाणी आत घेतलं. खारफुटीची रोपं आत्याने पुरवली, होड्या भरभरून, आणि लावताना कुणाचं रोप वाकडं गेलं की सासुरवाशिणीला बोलावं तसं बोललीही. ती गेली तेव्हा ती झाडं तिच्या डोक्यावरून वर पोचली होती.

गेली ती झोपेतच. आदल्या संध्याकाळी खाटेवर अंग टाकता टाकता सुनेला म्हणाली, “होडी जरा वर ओढून बांध गं. उद्या भरती मोठी आहे.”