दामाजीची ढील

चेंदणी कोळीवाड्यातला दामाजी घरात बसलेला असला, तरी त्याचं मन होडीत असायचं. बायको शेवंती पदर खोचून शेजारणींना त्याची नक्कल करून दाखवायची. मान कलती, डोळे अर्धे मिटलेले आणि तोंडातून एक लांबलचक "हंऽऽ". वर म्हणायची, "यांना जेवाया हाक मारा. हाक आदी खारीच्या पान्यात जाते, मंग भरतीसंगं यांच्या कानाशी येते."

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात तर त्या मिटल्या डोळ्यांमागे एकच चित्र तरंगत होतं. लेक मालू मस्कतहून पाच महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आलेली. भाचा राघो मानपाड्याच्या एका कारखानदाराच्या गाडीवर ड्रायव्हर. मालकाला विचारून तो रविवारी मारुती आणणार होता, सगळ्यांनी टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं होतं. सोमवारी मालूचं विमान. चित्रात दामाजी पुढच्या सीटवर बसलेला, कोपर खिडकीबाहेर, मांडीवर नातू, नातवाच्या टोपड्याच्या नाड्या वाऱ्यावर. गाडीला आवाज नाही. भरल्या खाडीवरून होडी सरकावी तशी ती सरकत होती आणि कोळीवाडा दारादारांत उभा राहून बघत होता.

रविवारी सकाळी धुकं अजून खाडीवर लोळत होतं, तेव्हा राघोची गाडी पीं पीं करत दारात आली. दामाजी धुवट सदरा घालून पुढच्या दारापाशी उभाच होता. तेवढ्यात मालू घरातून एक निळं, खोलगट, पट्ट्यापट्ट्यांचं प्रकरण उचलून बाहेर आली.

"ही काय गो?" शेजारच्या जनाबाईने विचारलं. "पालखी का म्हावऱ्याची पाटी?"

"बाळाची सीट आहे, काकी. तिकडे हिच्याशिवाय गाडीत मूल घेत नाहीत."

"मंग आमची पोरं काय गारीच्या टपावरशी गेली?"

"काकी, तुमची पोरं गाडीत बसलीच कुठे?"

बायका खिदळल्या. मालू मात्र हसली नाही. बापाकडे वळून तिने सरळ सांगितलं, "बाबा, मांडीवर नाही. राघोने ब्रेक मारला तर बाळ हातातून सुटतं, कितीही घट्ट धरा. ते ह्यातच बसणार, आणि तोंड मागे करून. ही सीट गाडीत पक्की बसली तर जायचं. हलली तर मी घरी, बाळ घरी."

"देवाला जाताना पाठ करून?" शेवंतीने कपाळाला हात लावला.

"मान कच्ची आहे गं आई. झटका बसला तर पाठीवर बसू दे, मानेवर नको."

दामाजीच्या चित्रातून नातू अलगद उठला आणि निळ्या सीटमध्ये जाऊन बसला. ठीक आहे, दामाजीने स्वतःला समजावलं, कोपर तरी खिडकीबाहेर राहील. बांधायचंच म्हणता? ते तर आपलंच काम. तो घरात गेला आणि होडीचा जुना, मऊ झालेला दोर घेऊन आला.

मागच्या सीटला पट्टे नव्हतेच. दामाजीने दोर सीटच्या पाठीमागून घेतला, खालून ओवला, निळ्या सीटच्या कमरेतून काढला आणि गाठ मारली. बोटं आपोआप चालत होती. नजर खाडीकडे होती. ओठांत त्याचं ते गुणगुणणं, ज्याला ना शब्द ना चाल.

मालूने सीटला धक्का दिला. सीट वीतभर पुढे गेली आणि परत आली.

"बाबा, ढिली आहे."

"मना शिकवतेस गो? अख्खा जलम होऱ्या बांधल्या. ढील पायजेच. भरतीला होरी वर येते, ओहोटीला खाली जाते. ताणून बांधली तं दोर तुटतो, नायतर होरी लटकते."

राघो सुपारी चघळत म्हणाला, "मामा, मेन रोडवर भरती कुठनं येणार? टेन्शन नको ना, मी स्लो घेतो. एकदम मख्खन."

"मख्खन नको, बघूनच ठरवू," मालू म्हणाली. तिने तांदळाची छोटी गोण बाळाच्या दुपट्यात गुंडाळली, तिला बाळाचं टोपडं घातलं आणि सीटमध्ये बसवून पट्टे लावले. बाळाला जनाबाईच्या कडेवर दिलं. दामाजी ऐटीत पुढे बसला. मालू मागे.

गाडी निघाली. दामाजीने कोपर बाहेर काढलं. दारं मागे सरत होती, सुकत घातलेले बोंबील, उन्हात आलेल्या म्हाताऱ्या, सगळं संथ, सगळं पाण्यातल्यासारखं. ही गाडी नव्हतीच. हा आपला दर्या होता आणि...

खर्र्रकन ब्रेक लागला. वळणावर हातगाडी आडवी आलेली. मागून धाडकन आवाज झाला. दामाजी वळला. निळी सीट दोराने दिलेली सगळी ढील खाऊन पुढे उसळली होती आणि त्याच्याच सीटच्या पाठीवर आपटून तिरकी पडली होती. तांदळाची गोण पट्ट्यांतून अर्धी बाहेर आलेली. टोपडं खाली, मालूच्या पायांशी.

राघोचं सुपारी चघळणं थांबलं.

मालूने टोपडं उचललं, झटकलं. "परत घे, राघो," एवढंच म्हणाली.

दारात आल्यावर दामाजी उतरला नाही. मागे वळून तो त्या टोपड्याकडे बघत राहिला. मग खाडीपल्याडून परत आल्यासारखा बोलला, "होरी मी धक्क्याला बांधतो. धक्का हलत नाय, होरी हलते, म्हणून ढील. पर पोऱ्या तं होरीच्या आत हाय. आतली वस्तू होरीला जखडायची. नांगर नाय का जखडत? नायतर पयल्याच लाटेला नांगर पायावर." मग लेकीला विचारलं, "तिकडं तुमी कशाला जखडता?"

"गाडीच्याच पट्ट्याला, बाबा. पण मागे पट्टा नाही ना."

"पट्टा?" राघो दचकून म्हणाला. "पुढे हाय ना एक! म्हणजे, मी त्याच्यावर नॅपकिन वाळत घालतो."

सगळ्यांच्या नजरा पुढच्या सीटवर गेल्या. तिथे दामाजी बसलेला होता.

शेवंतीने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. तीस वर्षांत तिला नवऱ्याचं मन एवढं उघडं कधी दिसलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "अवो, ऱ्हाऊ द्या. फुडच्या बारीला जाऊ."

"फुडच्या बारीला पोऱ्या चालाया लागंल," दामाजी म्हणाला. त्याने कोपर आत घेतलं, दार उघडलं आणि उतरला. "बशीव गो मालू. मी बगतो, शिकव मना."

मालूने गाडीचा पट्टा निळ्या सीटच्या खाचांतून ओवला, सीटवर गुडघा दाबला आणि पट्टा ओढून घट्ट केला. दामाजीने दोन्ही हातांनी सीट गदागदा हलवायचा प्रयत्न केला. सीट नाही, गाडीच हलली.

बाळ आलं ते शेवंतीने गोधडीत गाठोड्यासारखं बांधलेलं. "आई, गोधडी काढ. जाड कपड्यावर पट्टा घट्ट वाटतो, आत बाळ सैलच असतं." गोधडी निघाली. पट्टे बाळाच्या खांद्यांवर आले. मालूने पट्टा चिमटीत धरायला बघितला, चिमटीत काही आलं नाही. दामाजीनेही आपल्या राठ बोटांनी तसंच बघितलं, एकदा, मग पुन्हा. मग मालूने गोधडी वरून पांघरली.

"आथा ढील नाय," दामाजी म्हणाला.

तो राघोच्या मागे बसला. गाडी कळव्याच्या पुलावर आली तेव्हा खाली खाडी पारा सांडल्यासारखी पसरलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा दामाजी खाडीकडे बघायला विसरला. दोन सीटांच्या फटीतून त्याला नातवाचा एक गाल दिसत होता, एक डोळा आणि गोधडीबाहेर आलेली मूठ. तो डोळा सावकाश फिरत फिरत दामाजीवर आला आणि तिथेच थांबला.

"मामा, मुंब्र्याला च्या मारायची काय?" राघोने विचारलं.

"अवो, राघो विचारतो," शेवंती म्हणाली.

"हंऽऽ," दामाजी फटीकडे आणखी झुकला. त्याला खुणावणारी मूठ उघडत होती, मिटत होती.